डॉलर बघण्याचा कार्यक्रम

मिरजेहून निघालेली बस पहाटे दादरला पोचली, तेव्हा माझ्या पर्समध्ये एक भिंग, एक लोहचुंबक, सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणि सुती हातमोजे होते. बहुतेक बायका मुंबईला साड्या घ्यायला येतात. मी एका अमेरिकन बाईला न्यायला आले होते. या बाई शंभर वर्षांहून जुन्या एका चांदीच्या डॉलरवर कोरलेल्या.

मिरजेत माझी रक्ततपासणीची प्रयोगशाळा आहे. म्हणजे भिंगातून बघून लोकांना वाईट बातम्या देणं हा माझा धंदाच आहे. लालबागच्या एका घरात हा डॉलर असल्याचं ओळखीतून कळलं होतं. त्याला कुठल्या संस्थेचं प्रमाणपत्र नव्हतं, त्यामुळे तो खरा की खोटा आणि कितपत झिजलेला, हे मलाच ठरवायचं होतं. फोटोत तो छान काळपट दिसत होता. जुन्या चांदीवर आपोआप चढलेला तो काळा थर म्हणजे आम्हा संग्राहकांचा जीव की प्राण. नाणं घासलं की त्याची निम्मी किंमत गेलीच म्हणून समजा. असा न घासलेला डॉलर मिळावा म्हणून मी वर्षानुवर्षं झुरत होते.

दादरला साबुदाणा वडा आणि पियुष घेतलं. पियुष एका हातमोज्यावर सांडलं. टॅक्सीवाल्याने विचारलं, पुलावरून घेऊ का खालून? वरून मुंबई बरी दिसेल म्हणून मी पुलावरून म्हटलं. लालबाग आमच्या पायाखालून निघून गेलं आणि उतरले ती थेट राणीच्या बागेपाशी. तिथून उलट बस धरून लालबागला आले. मसाले दळणाऱ्या गिरण्यांचा खकाणा (नाकात जाणारी तिखट भुकटी) असा काही झोंबला, की सावंतांच्या चाळीत मी शिंकतच शिरले.

प्रकाश सावंत पन्नाशीचे, अगदी सरळ गृहस्थ. डॉलर त्यांच्या काकांचा. काका बोटीवर खलाशी होते, त्यांनी कुठल्याशा बंदरातून तो आणलेला. काका आता नाहीत. काकी होत्या, ऐंशीच्या घरातल्या, खिडकीजवळ ताठ बसलेल्या. मला पाटावर नाही, खुर्चीवर बसवलं. पोहे आले. मग आतून प्रकाशच्या बायकोने तबकात, नव्या रुमालावर ठेवून डॉलर आणला.

तो लखलखत होता. मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

एका हातमोज्यानिशी तपासणी केली. चुंबकाला चिकटला नाही. वजन पावणेसत्तावीस ग्रॅम, बरोबर. भिंगातून बाईंच्या कानावरचे केस, मुकुटातली कापसाची बोंडं, मागच्या गरुडाच्या छातीवरची पिसं, सगळं ठसठशीत. नाणं अस्सल होतं आणि फारसं झिजलेलंही नव्हतं. पण साऱ्या अंगभर बारीक ओरखडे.

"हा घासलाय कोणी?" मी विचारलं. आवाज प्रयोगशाळेतला लागला.

"मी," काकी म्हणाल्या. "चिंचेन घासलंय. पावणे बघूक येतत म्हटल्यावर तिका तशीच काळी दाखवूची?"

मलाही माझ्या वेळी असंच बेसन लावून घासून बसवलं होतं. तरीपण व्यवहार तो व्यवहार. मी दोष समजावून सांगितला, किंमत कमी केली, आणि प्रकाशनी बिचाऱ्यांनी मान्यही केली. मला वाटलं, झालं. तर काकी पुढे सरकल्या. घरात कोण कोण असतं, नवरा काय करतो, सासू आहे का, सगळं विचारून झालं.

"आणि हिका खंय (कुठे) ठेवतलंस?"

मी अभिमानाने सांगितलं, की हवाबंद डबीत ठेवीन, कपाटात, कोणी हातसुद्धा लावणार नाही.

"दिवाळीक भायर काढतलंस मां?"

मी म्हटलं, नाही, हवा लागली तर खराब होईल. दर लक्ष्मीपूजनाला ह्या घरात हिचीच पूजा होत आली, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. काकींनी तबक उचललं आणि त्या आत गेल्या. प्रकाशनी जमिनीकडे बघत सांगितलं, "ताई, आम्ही कळवतो."

'कळवतो'चा अर्थ ज्याने पोहे खाल्ले त्या प्रत्येकाला ठाऊक असतो. मी नापास झाले होते.

चिडून गिरगावात एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेले. त्याच्याकडे तसाच डॉलर निघाला, काळपट, न घासलेला, भावही रास्त. भिंगातून कितीतरी वेळ बघितला. नाव ठेवायला जागा नव्हती. तो कुणाच्या घरचा, हे व्यापाऱ्यालाही माहीत नव्हतं, आणि त्याने तसं सांगताच माझं मन त्यावरून उडालं. शिवाय आपल्याला नकार दिलेलं स्थळ डोक्यातून जात नाही, हेही खरंच. मी त्याच्या दुकानातूनच प्रकाशना फोन लावला आणि म्हटलं, काकींना सांगा, दर दिवाळीला तिला माहेरी घेऊन येईन.

होकार आला. संध्याकाळी परत लालबागला गेले तर काकींनी डॉलरला हळदकुंकू लावलं. त्या ओल्या हळदीने दर्जा आणखी एक पायरी उतरला असणार, पण मी पदर पुढे केला. नारळ, तांदूळ आणि खण माझ्या ओटीत घातला, कारण तिला पदर नव्हता. रात्रीच्या बसने मी मिरजेला परतले. इतकी वर्षं मी नाणी नुसती पारखली, कुणाच्या घरची म्हणून कधी आणली नव्हती, हे वाटेत उमगलं आणि जरा वाईटही वाटलं.

दिवाळीला शब्द पाळला. काकींनी डॉलर तळहातावर घेतला, खिडकीच्या उजेडात उलटसुलट केला, अंगठा फिरवून बघितला.

"बारीक झाली गो ही," काकी म्हणाल्या. "सासरी जेवूक घालत नाय काय तिका?"

मी खाली मान घालून म्हटलं, "घालते हो काकी, पण तीच नीट खात नाही."