चालत आणलेली हवा

आमच्या नारपोलीच्या गल्लीतला तो लूमफिटर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा, सगळ्यांशी ओरडूनच बोलायचा. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढून त्याचे कान गेले होते. मशीन तपासताना तो स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरायचा, टोक लोखंडाला टेकवायचा आणि डोळे मिटायचा. बिघाड त्याला दातांतून कळायचा.

अंध मुलांसाठी धडे रेकॉर्ड करायला मी घरातच प्लायवूडची छोटी बंद खोली करून घेतली होती. आत दहा मिनिटांत जीव गुदमरायचा, आणि पंखा लावला की त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरायची. त्यापायी रेकॉर्डिंगच्या दोन सीड्या परत आल्या होत्या. "बहिऱ्याला काय कळणार?" घरचे म्हणाले. मी त्यालाच बोलावलं.

"ताई, हवा पलाली का वरडते," तो ओरडला. "तिला चालत आनायची!"

त्याने पंखा पार मागच्या गॅलरीत नेऊन ट्रकच्या ट्यूबच्या रबरी पट्ट्यांना टांगला. तिथून खोलीपर्यंत लाकडाचा रुंद, वळणावळणाचा बोगदा केला आणि आतून जुन्या गोधड्या ठोकल्या. शेवटी बोगदा खोलीत उघडत होता त्या झरोक्यापाशी कापसाची हलकी वात धरली. ती हळूच डोलली.

मी दार लावून अख्खा धडा एका बैठकीत वाचला. घाम नाही, घरघर नाही. बाहेर आले तर हा स्क्रूड्रायव्हर दातांत धरून, टोक प्लायवूडला टेकवून, डोळे मिटून उभा.

"पंखा?" मी खुणेनं विचारलं.

"न्हाय आला," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात. "पन तुमचा धडा सगला आयकला, ताई."