अक्षताचा दातेरी पट्टा

कोरेगावच्या धोंडिरामांनी लष्करात ट्रक चालवले आणि निवृत्त झाल्यावर स्टँडमागे गॅरेज टाकलं. त्यांची मुलगी अक्षता १९९७ साली सांगलीला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. त्या वर्षी कॉलेजात रोबोंची स्पर्धा निघाली. वायरच्या रिमोटवर चालणाऱ्या रोबोने वाळूची पिशवी घेऊन चढ चढायचा होता. अक्षता आणि तिचा वर्गमित्र पुष्कर यांनी लगेच नाव दिलं.

मोटार गाडीच्या वायपरची मिळाली. ती चाकाला जोडायची कशी, यावरून दोघांचं वाजलं. पुष्करला सायकलची चेन हवी होती. चेन खडखडते, कपडे काळे करते, आपण दातेरी पट्टाच लावायचा, असं अक्षताने ठरवून टाकलं.

पहिला पट्टा तिने गॅरेजमधून आणला, मारुतीच्या इंजिनातला. तो इतका ताठ, की छोट्या पुलीवर वळेचना. मग झेरॉक्सवाल्याकडून जुन्या मशीनमधला एक मऊ, बारीक पट्टा मिळवला. सपाटीवर रोबो झकास पळाला. चढाला लागला की मात्र पट्टा कटकट करत पुलीच्या दातांवरून घसरायचा.

कारण तिला दिसत होतं. मोटारीची पुली लहान, त्यामुळे पट्ट्याचे जेमतेम चार-पाच दात तिच्यात अडकत होते. पण ती एकटीच पुली मोठी केली तर वेग वाढून चढायची ताकद जाणार. म्हणून तिने मोटारीची आणि चाकाची, दोन्ही पुल्या त्याच प्रमाणात मोठ्या करून आणल्या. त्या बसवल्या आणि पुष्कर पोट धरून हसायला लागला. चाकाची पुली चाकापेक्षाच मोठी झाली होती. रोबो चाकांऐवजी पुलीवर उभा होता.

अक्षता रुसली. जुन्या पुल्या परत बसवून, रोबो मांडीवर घेऊन ती पॅसेंजरने घरी निघाली. शेजारच्या बाईंनी ही शेगडी कुठं मिळाली म्हणून चौकशी केली.

गॅरेजमध्ये धोंडिरामांनी पट्टा आणखी ताणून बघितला. मोटारच अडकली. तेव्हा अक्षताने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पट्टा बाहेरून आत दाबला. तो मोटारीच्या पुलीला चांगला वेढा घालून बसला, जास्त दात अडकले.

"आप्पा, हितं पट्टा दाबून धरायला एक बेअरिंग बसवलं तर?"

"बसंव की. पर ढिल्या बाजूला बसंव. ताणाच्या बाजूला त्येच मार खाईल."

स्पर्धेच्या दिवशी रोबो कुरकुर न करता चढला. उतारावर रिमोटची वायर निसटली आणि रोबो थेट परीक्षकांच्या टेबलाखाली शिरला. दुसरा नंबर आला. पुष्करने चेनचं नाव पुन्हा काढलं नाही.

पुढे साताऱ्याच्या एमआयडीसीत, बिस्किटं पॅक करणारी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात अक्षताला नोकरी लागली. कुठल्या यंत्राला कोणता पट्टा आणि केवढी पुली, हे तीच ठरवू लागली. तिची आई मुक्ताबाई साऱ्या भावकीत सांगत सुटली, की पोरगी पट्ट्याच्या कामात लय हुशार हाय. दिवाळीत हंबीरमामा आले आणि अक्षताला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "माझ्या कमरेला बसंल असा एखादा काळा बघ की."

तिने साताऱ्यातून त्यांना चामड्याचा चांगला पट्टा आणून दिला. ते खूश झाले. ती काय काम करते, हे मात्र त्यांना कुणीच सांगितलं नाही.