वाळूतला वाम

नवी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, उंची मात्र सव्वाच फूट. दुकानदार उंच टाकी गळ्यात मारत होता. पण वाम मासा तळाशी, वाळूत स्वतःला पुरून राहतो. त्याला उंची काय करायची? पाणी-वाळूचं वजन अडीचशे किलोंच्या घरात, म्हणून टाकी जमिनीलगतच्या कट्ट्यावर ठेवली.

सोफ्यावरून ताई म्हणाली, "एवढी टाकी आणि आत नुसती वाळू! संध्याकाळी पाहुणे येणार. तो वाम परत दे, चार सोनेरी मासे आण शोभेला."

"वाम राहणार, ताई."

पाहुण्यांसाठी आपण ठेवणीतल्या कपबशा काढतो, चादरी बदलतो, जरूर बदलाव्यात. पण घरातल्या प्रत्येक जिवाने बाहेरच्या खोलीत येऊन मिरवलंच पाहिजे, हे मला मान्य नाही. ज्याला दिसायचं नाही, त्याचीही घरात जागा असते.

"मग बघायचा तरी कसा?"

"खाली बसून."

"माझे गुडघे तू धरणार का?" असं पुटपुटत ताई जमिनीवर टेकली. बऱ्याच वेळाने वाळूतून टोकदार नाक वर आलं. ताई तिथून उठली नाही.

संध्याकाळी मी टाकीपुढे सतरंजी अंथरली.