तळाशी उरलेला ‘कचरा’

सरांनी नळीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. “कचरा आहे तो. धुता येत नाही तुला. फेकून दे.”

सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि मी कलकत्त्यात पीएच.डी. करत होते. वडील खिदिरपूर बंदरावर कस्टममध्ये बदलून आलेले. सर माझे मार्गदर्शक, इथेच जन्मलेले मराठी, म्हणून घरच्यांचा त्यांच्यावर फार भरवसा. प्रयोग तसा साधा होता. पेशीचं आवरण साबणासारख्या सौम्य द्रवाने विरघळवायचं आणि आतलं जे सुटं असेल ते वाहून जाऊ द्यायचं. पुस्तकं सांगत, प्रथिनं बनवणारे कितीतरी रायबोसोम पेशीच्या द्रवात सुटे तरंगतात. मग तेही वाहून जायला हवे होते. गेले नाहीत. प्रत्यक्ष कामाला लागलेले बहुतेक सगळे तळाशी उरलेल्या धाग्यांच्या जाळ्याला, पेशीच्या सांगाड्याला, चिकटून बसले होते.

मी पुन्हा धुतलं. लोडशेडिंगने नळ्या गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणारं सेंट्रिफ्यूज मध्येच बंद पडायचं, की पहिल्यापासून सुरुवात. उत्तर तेच.

“सर, धागे मोडणारं औषध देऊन बघू? जाळं तुटल्यावर प्रथिनं बनणं मंदावलं, तर हा कचरा नाही हे...”

“आईला भांडी घासू लागत नाहीस का घरी? आधी धुणं शीक.”

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. हातातली नळी भिंतीवर आपटावीशी वाटली. मी ती बर्फात ठेवली.

पुढे ग्रंथालयात एका परदेशी नियतकालिकाचा अंक आला. त्यात तोच सांगाडा, तेच चिकटलेले रायबोसोम. अंक घेऊन मी तडक सरांच्या खोलीत गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि प्रसन्न हसले.

“वा! म्हणजे आपणही हे पाहिलं होतं.”

“नाही सर. मी पाहिलं होतं. आपण फेकायला सांगितलंत.”

“एवढं तापायला काय झालं? शास्त्रात असं चालायचंच.”

त्याच आठवड्यात कुणालाही न विचारता मी फ्रीजमधलं ते औषध काढलं. धागे मोडले, रायबोसोम सुटे झाले, प्रथिनं बनणं स्पष्ट मंदावलं. सरांनी ते प्रबंधात घालू दिलं. “पण त्या परदेशी शोधाला दुजोरा म्हणून लिही हं.”

दुजोरा! तो शब्द लिहिताना निबेने कागद फाटला.

पदवी मिळाली त्या दिवशी वडील हळूच म्हणाले, “सरांच्या पाया पड.”

मी हात जोडले. वाकले नाही.