पायावरच्या जांभळ्या फुल्या

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. त्यातली एकच गोष्ट डोक्यात ऱ्हायली: मास्तरानं पाटीवर फुली मारली म्हंजे चुकलं. एवढ्या विद्येवर कन्नड मुलखात, येलहंकात, पंधरा वर्सं शाळेची व्हॅन चालवली, आन् गेल्या साली त्याच विद्येनं पाय घालवायला बसलो.

आम्ही निपाणीकडचे. विड्या ओढून ओढून उजव्या पायाची रक्ताची नळी बुजवून घेतली, अंगठा काळा पडला. डॉक्टर म्हणले, डाव्या जांघेतनं तार घालून नळी उघडू; न्हाई जमलं तर पाय काढायला लागंल. ब्रेक उजव्या पायात. तो गेला की व्हॅन गेली, मग बायकोनं चार घरची भांडी घासायची आन् मी खाटेवर बसून विनोद सांगायचे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी एक सिस्टर आली, कोलारकडची, माझ्या पोरीएवढी. पायावर कितीतरी वेळ बोटं फिरवत बसली, मग एक लहान मशीन लावलं, त्यातनं बारीक फुसफुस ऐकू आली, आन् तिथं तिनं जांभळ्या पेनानं फुली मारली. डाव्या, धडधाकट पायावर बी मारली. मी मनात म्हणलो, तार घालणार डॉक्टर, आन् ही बया रांगोळी काढतीया. हिला पगार कशाचा देतात?

ती गेली आन् माझी विद्या जागी झाली. फुली म्हंजे चुकलेलं. चुकलेलं काय करतात? कापतात. आन् हिनं तर दोन्ही पायांवर मारलीया.

हाताच्या अंगठ्याला थुंकी लावून दोन्ही फुल्या पुसून काढल्या. शाई भलती चिवट. सात-आठ वेळा चाटायला लागलं.

आत टेबलावर घेतलं तवा तीच सिस्टर, अंगात एक्स-रेसाठीचा शिशाचा जड कोट. चादर सारली आन् थांबली. फुल्या कुठं गेल्या म्हणून कन्नडात विचारलं. मी म्हणलो, घामानं गेल्या असतील. एसी असला, की माझे दात वाजत व्हते.

"अण्णा, जीभ दाखवा."

दाखवली. जांभळीगच्च.

डॉक्टर घड्याळ बघत म्हणले, असू दे, चालू करू. पोरगी हलली न्हाई.

"सर, आधी नाडी कुठं लागत होती तेच ठाऊक नसंल, तर नंतर पायात रक्त जातंय का न्हाई ते मी कशावरनं सांगू?"

एवढा मोठा डॉक्टर, दोन पावलं मागं सरला. ती त्या कोटासकट वाकून माझ्या घाणेरड्या पायावर परत मशीन फिरवायला लागली. खोलीतली सगळी माणसं माझ्यापायी खोळंबली. बऱ्याच वेळानं फुसफुस लागली. परत फुली.

काम झाल्यावर जांघेतलं भोक तिनं हातानं दाबून धरलं, वीस मिनिटं, उभ्यानं. त्या एसीत घाम आला तो तिला. मी तोंड उघडलं, एखादा विनोद करावा म्हणून. तिनं बघितलं. मिटलं.

वॉर्डात सहा तास उताणं पडायचं, पाय वाकवायचा न्हाई. दर पाव तासाला ती यायची, फुलीवर बोट ठेवायची, मशीन लावायची, कागदावर लिहायची, जायची. तिसऱ्या खेपंला मशीनची गरजच पडली न्हाई, नाडी नुसत्या बोटाला लागली. तिनं बायकोला जवळ बोलावलं आन् तिचं बोट धरून फुलीवर ठेवलं. पाय माझा, पर मला काय उठता येईना, मी आपला बायकोच्या तोंडाकडं बघत पडलो.

"उडतंय की हो," बायको म्हणली. मग घाबरत इचारलं, "सिस्टर, गाडी चालवतील न्हवं हे?"

"पाय चालवील, अक्का. डोक्याचं ह्या खात्यात काय करत न्हाईत."

शेजारच्या खाटंवरचा म्हातारा खोकेस्तोवर हसला. बायको हसली न्हाई. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडं गेली तरी तिनं बोट काढलं न्हाई.