एगर्टचा रूळ करकरत नाही

एगर्ट ल्यूट्येने टाकलेला रूळ चौतीस वर्षांत एकदाही करकरला नव्हता. तो स्वतः हे कधी बोलून दाखवत नसे. हॅम्बुर्गच्या त्या स्टुडिओत नवा माणूस कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला तीन गोष्टी सांगत: कॅन्टीन कुठे आहे, मुतारी कुठे आहे, आणि एगर्टच्या रुळावर पाय द्यायचा नाही.

काम साधं होतं. कॅमेरा ट्रॉलीवर, ट्रॉली रुळावर, आणि ट्रॉली ढकलायला एगर्ट. ट्रॉलीचं वजन दीडशे किलो. तिच्यावर बसणारा कॅमेरामन त्यार्क आपलं वजन अठ्ठ्याण्णव सांगे. एगर्टच्या हातांचं मत एकशे सहा होतं. हे सगळं सहा मीटर न्यायचं, आणि नेलं हे बघणाऱ्याला कळता कामा नये. रूळ टाकताना एगर्ट सपाटी बघायला पाणसळ ठेवी, पाचरी मारी, पुन्हा पाणसळ ठेवी. मग ट्रॉलीवर काठोकाठ भरलेला कॉफीचा कप ठेवून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत नेई. थेंब सांडला तर रूळ उखडायचा. नाही सांडला तर कॉफी प्यायची. ती तोवर गार झालेली असे. गार कॉफी ही एगर्टला चांगल्या कामाची चव वाटे.

एवढं वजन हलवणारा माणूस ते का हलवायचं याचा विचार करतोच. एगर्टचं म्हणणं असं, की लांबून दाखवलं तर माणूस कुठे आहे ते कळतं, कमरेपर्यंत दाखवलं तर काय करतोय ते कळतं, आणि नुसता चेहरा दाखवला तर काय लपवतोय ते कळतं. कॅमेऱ्याची गाडी जवळ न्यायची म्हणजे त्याला काहीतरी विचारायला जायचं. एका दिग्दर्शकाला एकदा चहाच्या किटलीजवळ गाडी न्यायची होती. एगर्ट म्हणाला, "नेतो. पण किटलीला विचारायचं काय?" तो शॉट रद्द झाला.

फेब्रुवारीत मालिकेचा आठवा सीझन चालू होता. बंदरात टगबोटींनी जहाजं ओढणाऱ्या एका कुटुंबाची ती मालिका. सीझन संपायला सात आठवडे होते, आणि सीझन संपला की एगर्ट निवृत्त होणार होता. हे सात आठवडे त्याला ट्रॉलीमागे उभ्याने काढायचे होते. त्याच्या आधीच्या माणसाची पाठ गेली, तेव्हा त्याला शेवटचे पाच महिने गोदामात दोरखंड गुंडाळायला बसवलं होतं. निरोपाच्या दिवशी तो कुठे आहे हेच कुणाला आठवेना.

त्या सकाळचा प्रसंग असा होता. घरची म्हातारी आई टेबलाशी बसून पत्र वाचते. पत्रात लिहिलंय की मुलाने तिला न विचारता बोट विकली. ती काही बोलत नाही. कॅमेरा दारातून निघून हळूहळू तिच्या चेहऱ्यापर्यंत येतो. आईचं काम करणाऱ्या रोस्वीथाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि न बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांच्यामागे भिंतीवर मोठा आरसा होता. तो तिरका करून कॅमेरा चुकवला होता, पण एगर्टची सव्वासहा फूट उंची चुकेना. म्हणून तिसऱ्या मीटरला पोचला की एगर्टने गुडघे वाकवायचे आणि पुढचे तीन मीटर तसंच जायचं, असं ठरलं.

पहिला टेक झाला आणि आवाज मुद्रित करणाऱ्या विब्के हार्म्सने हात वर केला. शेजारच्या स्टुडिओतल्या माणसाचं पोट गुरगुरलं तरी तिला कळतं, असं लोक म्हणत.

"काहीतरी करकरलं," ती म्हणाली.

"कुठे?" दिग्दर्शक योरिनने विचारलं. तो एकोणतीस वर्षांचा होता, मालिकेत नवा.

"तिसऱ्या मीटरच्या आसपास."

सगळ्यांनी एगर्टकडे पाहिलं. एगर्टने रुळाकडे पाहिलं. कधी नव्हे ते.

त्याने रूळ पुसला, टाल्कम पावडर लावली. दुसरा टेक. पुन्हा करकर. या वेळी एगर्टलाही कळलं, कारण ती त्याच्या उजव्या पायातून वर आली होती.

आवाज गुडघ्याचा आहे म्हणावं तर उद्यापासून गोदामातले दोरखंड. गप्प बसावं तर रुळावर आळ. चौथ्या टेकआधी त्याने मुतारीत जाऊन गुडघ्याला पट्टा बांधला. त्यावर विब्के म्हणाली, "आता करकर कमी आहे, पण चरचर वाढलीय." त्याने पट्टा काढला.

शोध चालूच राहिला. त्यार्कला खाली उतरवून त्याच्या जागी वाळूच्या पिशव्या ठेवल्या.

"तुझंच काहीतरी वाजत असणार," विब्के त्याला म्हणाली.

"माझं? मी हललोसुद्धा नाही."

"तीच तर तुझ्याबद्दल तक्रार आहे, बाबा."

पिशव्या ठेवूनही करकर आलीच. मग रोस्वीथाबाईंची खुर्ची बदलली, त्यांचे बूट काढले. "आता कॉर्सेट काढायला सांगितलंत तर वेगळे पैसे घेईन," त्या म्हणाल्या. एगर्टने रूळ तीनदा उखडून तीनदा टाकला. तिन्ही वेळा कॉफीचा थेंब सांडला नाही, आणि तिन्ही वेळा ती कॉफी त्याच्या घशाखाली उतरली नाही.

अकराव्या टेकनंतर योरिनने कपाळ चोळलं. "पुरे झालं. हा रूळच जुना झालाय. अंगावर कॅमेरा बांधून चालणारा तो मुलगा आहे ना, त्याला बोलवा. रूळ काढा." मग आपल्या सहाय्यकाला म्हणाला, "अहवालात लिही. उशिराचं कारण: रूळ."

सहाय्यकाने पेन उघडलं.

"लिहू नकोस," एगर्ट म्हणाला.

"अहो एगर्ट, तुमच्यावर कुणी दोष ठेवत नाहीये..." योरिन म्हणाला.

"रूळ नाही. माझा गुडघा."

विब्के जागची उठली ती रागाने नव्हे. सकाळपासून छळणारा आवाज अखेर हाती लागला म्हणून तिचा चेहरा उजळला होता. लांब दांड्याचा माइक तिने एगर्टच्या गुडघ्याशी आणला. "खाली बस बघू."

एगर्ट बसला. विब्केने डोळे मिटले. "हाच! आता ऊठ." तो उठला. "काही नाही. पुन्हा बस. हं. ऊठ. काही नाही." तिने डोळे उघडले. "खाली जाताना बोलतो. वर येताना गप्प."

"माझा दुसरा नवरा असाच होता," रोस्वीथाबाई म्हणाल्या. "जिना उतरताना अखंड कुरकुर, चढताना चकार शब्द नाही."

योरिन हसला नाही. उद्या सकाळी सेट मोडायचा होता. "आता काय करायचं?"

"उलटं करा," एगर्ट म्हणाला.

"म्हणजे?"

"चेहऱ्यापासून सुरू करा आणि मागे या. गुडघा आधीच वाकवून बसतो. क्लॅप वाजायच्या आत काय बोलायचं ते बोलून घेईल. तिसऱ्या मीटरला मी उभा राहतो, तेव्हा तो गप्प असतो."

"पण अर्थच उलटा होईल ना! आपल्याला तिच्या मनात शिरायचंय."

"तिच्या मनात काय आहे ते सगळ्या जर्मनीला माहीत आहे. पोराने बोट विकली. आता जवळ जाऊन तिला विचारणार काय? 'वाईट वाटलं का'?" एगर्ट एका दमात इतकं कधी बोलत नसे. "तिला विचारणारं घरात कुणी राहिलं नाही, ते दाखवा. चेहऱ्यावरून निघून जा. मग टेबल दिसेल. टेबलाला चार खुर्च्या आहेत. तीन रिकाम्या."

योरिनने खुर्च्या मोजल्या.

"मला पसंत आहे," रोस्वीथाबाई म्हणाल्या. "सुरुवातीलाच चेहरा असेल तर पावडर तरी ताजी असेल."

एगर्ट रुळाच्या टोकाशी वाकला. कर्र, गुडघा बोलला. मग क्लॅप वाजली. रोस्वीथाबाईंनी पत्र वाचलं, घडी केली, पुन्हा उघडलं. एगर्टने ट्रॉली ओढायला घेतली. आधी नुसता चेहरा होता. मग हात दिसले, मग टेबल, मग एक खुर्ची, दुसरी, तिसरी. तिसऱ्या मीटरला तो वर आला आणि काहीच वाजलं नाही. शेवटी दाराच्या चौकटीत एवढीशी बाई उरली आणि आरशात तिची पाठ. मघापर्यंत त्या पाठीचा कुणी विचारही केला नव्हता.

"कट," योरिन म्हणाला, पण फारच हळू. विब्केने अंगठा वर केला. त्यार्क ट्रॉलीवर बसून नाक पुसत होता.

"सर्दी झालीय," तो म्हणाला.

"झाली असेल," एगर्ट म्हणाला.

पण गुडघ्याची बातमी लपणारी नव्हती. ऑफिसच्या बाईंनी डॉक्टरचा दाखला मागितला. दाखला नाही तर गोदाम. डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून पाहिला, हलवून पाहिला. "वाकून ढकलणं बंद," त्या म्हणाल्या. एगर्टचं तोंड पडलं. "उलटं चालणं मात्र या गुडघ्याला फार चांगलं. रोज चालायला हवं."

"हे लिहून द्याल?"

त्यांनी लिहून दिलं. ऑफिसच्या बाईंनी तो कागद दोनदा वाचला, पण शिक्का होता, सही होती. त्या तरी काय करणार?

मग वेगळंच सुरू झालं. योरिनला तो शॉट इतका आवडला की तो प्रत्येक प्रसंग तसाच संपवू लागला. म्हातारा डॉक्टर फोन ठेवतो, कॅमेरा मागे. सून कपडे वाळत घालते, कॅमेरा मागे. पाववाला पाव बांधून देतो, कॅमेरा मागे. एगर्ट दाखल्याबरहुकूम उलटा चालत होता, गुडघा सुधारत होता, आणि त्याच्या मनाला ते पटत नव्हतं. दोन आठवड्यांनी संकलन करणाऱ्या बाईंचा योरिनला फोन आला. त्या इतक्या मोठ्याने बोलत होत्या की विब्केला माइक लागला नाही. "तुम्हाला माणसांजवळ जायची भीती वाटते का? पाव विकणाऱ्यालासुद्धा सोडून चाललात! तो एकटा पडलाय का? त्याच्या दुकानात सहा गिऱ्हाइकं आहेत!"

"ही शैली आहे," योरिन म्हणाला आणि फोन ठेवला.

एगर्ट त्याच्याजवळ गेला. "तिचं बरोबर आहे."

"पण तुमच्याच गुडघ्यासाठी..."

"माझ्या गुडघ्याला मालिकेत काम नाही. पाववाल्यासाठी गाडी हलवायची नाही. मी नुसता उभा राहीन."

"उभे राहिलात तर ऑफिस म्हणेल, याला काम नाही, गोदामात पाठवा."

"म्हणू दे. पण पाववाल्यापासून अडीचशे किलो उगाच ओढणार नाही."

योरिनने पाववाल्याचा शॉट पुन्हा, उभ्या गाडीने घेतला. ऑफिसमध्ये तो काय बोलला कुणाला माहीत नाही, पण गोदामातून बोलावणं आलं नाही. राहिलेल्या पाच आठवड्यांत ट्रॉली फक्त नऊ वेळा हलली. नवाच्या नऊ वेळा का हलली, हे कुणीही सांगू शकलं असतं.

शेवटच्या दिवशी आई आणि मुलगा सेटवरच्या धक्क्यावर समोरासमोर येतात, असा प्रसंग होता. योरिन कागद घेऊन आला. "एगर्ट, पुढे जायचं की मागे यायचं?"

एगर्टने उभ्यानेच प्रसंग वाचला. वेळ लावून वाचला. "दोघंही बोलायला तयार आहेत," तो म्हणाला. "आपण मध्ये कडमडायचं कशाला? गाडी उभी ठेवा."

त्याने तरीही रूळ टाकला, पाणसळ लावली, कप नेऊन पाहिला. शॉट दोन मिनिटं दहा सेकंदांचा होता. मुलगा पहिल्याच ओळीला अडखळला, आणि ते तसंच ठेवलं. चाकांना पाचर मारून निवांत बसायची सोय होती. एगर्टने पाचर मारली नाही. दोन्ही हात दांड्यावर ठेवून तो पूर्ण वेळ ताठ उभा राहिला. त्यार्कने श्वास घेतला तरी ट्रॉली जरा सरकायला बघे, आणि तो ती धरून ठेवी.

कट म्हटल्यावर त्यार्क खाली उतरला. "आज तुला काही कामच नव्हतं."

"तू बसलेला होतास," एगर्ट म्हणाला आणि रुळाचे स्क्रू सोडवायला घेतले.