खुन्याची चाल

उजेडाचा मनापासून राग करणारी माणसं मी दोनच प्रकारची पाहिली: एक चोर आणि दुसरी माझी मावसबहीण. थंडीत सगळं बरखेडा, म्हणजे हिंदी मुलखातली आमची कारखान्याची वसाहत, अंगणात खुर्च्या टाकून ऊन खात बसलेलं असायचं, तेव्हा ही खिडकीशी उभी राहून, पोटात कळ आल्यासारखा चेहरा करून म्हणायची, "यार, आज पण ढग नाहीत." कॉलेजच्या संमेलनासाठी तिला एका रहस्यपटाचं ट्रेलर करायचं होतं. सिनेमा नव्हताच, नुसतं ट्रेलर. पण त्यापायी तिला जगातली यच्चयावत माणसं फ्रेममध्ये दिसायला लागली होती. सुखी माणसं कॅमेऱ्यात सपाट दिसतात, हा तिचा सिद्धान्त. शेजारच्या आजोबांच्या तेराव्याला आम्ही गेलो, तर ही रडणाऱ्या आजींकडे बघत माझ्या कानात कुजबुजली, "अर्ध्या तोंडावर अंधार बघ. असा शॉट मिळायला नशीब लागतं." मी तिला चिमटा काढला. तिला तो कळलाही नाही.

पोशाखाबाबत ती अधिकच भयंकर होती. कपडा विकत मिळतो, पोशाख मुरावा लागतो, असं ती लोणच्याबद्दल बोलावं तसं बोलायची. ट्रेलरमध्ये जीव मुठीत धरून पळणारी मुलगी मी होते. तिने मला एक मेंदी रंगाचा कुर्ता दिला आणि तो धुवायला बंदी घातली. मी तो लायब्ररीत घातला, बसमध्ये घातला, एका साखरपुड्यातही घातला आणि तिथे नवऱ्या मुलाकडच्या बायकांनी माझ्या आईची मनापासून कीव केली. खुन्यासाठी तिने वडिलांचा जुना कोट जवाहर चौकातल्या शिंप्याकडून खाली कापड जोडून घोट्यापर्यंत लांब करून घेतला, आणि तो जुनाट दिसावा म्हणून परसातल्या ओल्या मातीत गुपचूप पुरून ठेवला. मावशी कोथिंबीर पेरायला गेली, तिच्या खुरप्याला आधी बाही लागली, मग खांदा. मावशीची किंकाळी ऐकून शेजारच्या भाभी "क्या निकला, क्या निकला?" करत धावत आल्या. माझी बहीण मोबाइल घेऊन आली. "आई, प्लीज, परत एकदा किंचाळ ना. आवाज घ्यायचा राहिला."

घोडं अडलं ते खुन्याच्या चालीवर. कॉलेजातली धडधाकट पोरं तिने एकेक करून कोट घालून चालवून पाहिली आणि घालवून दिली. "ये चलते नहीं, परेड करते हैं," ती वैतागून म्हणाली. "खुन्याला घाई नसते गं. घाई आपल्याला असते."

तिचे वडील, म्हणजे आमचे काका, त्या वेळी आतल्या खोलीत बसलेले असायचे. ते नेहमीच तिथे असायचे. कंपवाताने त्यांचा उजवा हात थरथरायचा आणि पाऊल जमिनीवरून सुटायलाच तयार नसायचं. कारखान्यातली नोकरी त्यांनी त्यापायी मुदतीआधीच सोडली होती. एकदा बाजारात कुणीतरी पाठीमागून हसून विचारलं होतं, "दिन में ही चढ़ा ली, अंकल?" त्या दिवसापासून काकांनी उंबरा ओलांडला नव्हता. मावशीने विनवलं, डॉक्टरांनी रागावून सांगितलं, पण उपयोग झाला नाही.

एका संध्याकाळी आम्ही चहा पीत होतो आणि काका पाय घासत न्हाणीघराकडे निघाले. बहिणीचा कप ओठापाशीच थांबला. तिने डोळे मिटले आणि ती फरशीवरचा तो फरफटीचा आवाज ऐकत राहिली. काका परतले तेव्हा ती सरळ म्हणाली, "बाबा, माझा खुनी तुम्ही करा."

मावशी कडाडली, "आजारी माणसाचा तमाशा मांडतेस?"

काका भिंतीला धरून उभे होते. "थट्टा करतेस माझी?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही बाबा. तुम्ही दिसायच्या आधी ऐकू येता. त्याहून भीतीदायक काय असतं?"

ते पाय घासत आत गेले. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. सकाळी मात्र ते दारात उभे होते, अंगात तो मातकट कोट. "हात खिशात ठेवू का?" त्यांनी विचारलं.

"बाहेर ठेवा," ती म्हणाली. "कॅमेऱ्याला तोच हवाय."

बरखेड्यात रिकाम्या पडलेल्या क्वार्टर्सची एक ओळ आहे. दारं निघालेली, आत गवत वाढलेलं. तिथे मोबाइल विटेला टेकवून ती मातीत पालथी पडली. मी पळत होते आणि मागून ती पावलं येत होती, सावकाश, न थांबता. ज्या काकांनी मला सायकल शिकवली, त्यांनाच मी खरोखर भ्याले.

संमेलनात तो शॉट आला आणि सभागृह चिडीचूप झालं. एक मुलगी ओरडलीसुद्धा. बक्षीस एका विनोदी ट्रेलरला गेलं. पण मागच्या रांगेत काका मावशीला कोपराने ढोसत होते, "घाबरली की गं पोरं!" पुढच्या रविवारी ते मावशीबरोबर भाजी आणायला बाजारात गेले. वर्षभर जात राहिले. मग पाऊल पुरतंच अडलं, अंथरूण धरलं, आणि गेल्या हिवाळ्यात ते गेले.

ते गेल्यावर मी बहिणीला विचारलं, की तो खुनी होता तरी कोण, आणि मारत का होता? "सोचा ही नहीं कभी," ती म्हणाली, आणि दुसरीकडे बघायला लागली. काही दिवसांनी तिने मला न कापलेलं चित्रीकरण पाठवलं. त्यात एका जागी शॉट संपलाय, कॅमेरा बंद करायचा राहिलाय. काका ओळीच्या टोकाला पोचलेत. धापा टाकताहेत, कोटाला गवताची कुसळं चिकटलीत. ते वळून कॅमेऱ्याकडे बघतात आणि शाळेतल्या पोराच्या उत्साहाने विचारतात, "परत चालू का गं?"